पेच फिरवणारी यूना

यूना गिलख्रिस्ट ग्लासगोच्या विद्यापीठात एकतीस वर्षं तंत्रज्ञ होती. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून ती रबरासारखी मऊ फिल्म ताणायची. फिल्मवर क्वांटम डॉट्सचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा थर असे आणि त्यातून लेसरचा किरण निघे. ताण वाढला की नारिंगी किरण हळूहळू लाल होई. काम दोघांचं. यूना फिल्म ताणणारा पेच पाव फेरा फिरवायची आणि रूरी, चाळिशीचा संशोधक, किरणाच्या तरंगलांबीचा पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा.

"सहाशे बारा. यूना, जागी आहेस ना?"

"तुझ्या बडबडीत कोण झोपेल, मेल्या?"

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, लेक न्यूझीलंडला. दिवसभरात यूनाशी बोलणारं माणूस एवढं एकच. एकटेपणाची सवय होते म्हणतात; साफ खोटं. रविवार तिला खायला उठायचा.

एका सोमवारी रूरीने पेचाला मोटर जोडली. आकडेही आता कॉम्प्युटरच टिपणार होता. पहिल्या दोन फिल्म टरकन फाटल्या. तिसरी लावताना तो वैतागला. "ही गेली तर मोटर भंगारात. मग पुन्हा आपण दोघं आणि हा अंधार. नशीब आपलं!"

यूनाला हसू आलं. फिल्म का फाटते ते तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर ती मिनिटभर थांबायची, रबराला सैलावू द्यायची. रूरीला वाटायचं, बाईचा हात दुखतोय. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं काही पाप नव्हे, असं तिने स्वतःला समजावलंही.

मोटर गुरगुरली. किरणाच्या उजेडात फिल्म धरणाऱ्या चिमट्याजवळची कड, फाटण्याआधी पडते तशी, पांढरी पडताना दिसली. ती फिल्म यूनाने स्वतः ओतली होती, तीन दिवस खपून.

"थांबव!" ती ओरडली. "दर पाव फेऱ्याला मिनिटभर दम खाऊ दे तिला. मी इतकी वर्षं तेच करतेय."

रूरीने मोटरला तसं बसवलं. किरण नारिंगीचा लाल झाला, ताण सोडल्यावर पुन्हा नारिंगी झाला. फिल्म शाबूत. त्याने यूनाला मिठीच मारली.

"अगं, आधी का नाही बोललीस? सुटलीस बघ! आता या भुयारात बसायचं कारणच नाही. जा, घरी जाऊन मस्त आराम कर."

"हो रे, बरं झालं," यूना म्हणाली आणि कोट घालून बाहेर आली. सकाळचे साडेदहा वाजले होते.