दीड मात्रेसाठी बंगळूर

ता. ८ जानेवारी १९६२, सोमवार. सकाळी कचेरीत आठवड्याची रजा मंजूर झाली. दुपारी वळकटी बांधली. संध्याकाळी बेळगाव स्टेशनवर तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून बंगळूरच्या गाडीत बसलो. सोबत दशम्या, पाण्याचा तांब्या आणि ताईची वही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती मुलींच्या शाळेत गाणे शिकवी. आमच्या आईची आणि आईच्या वयाच्या बायकांची पदे तिने वर्षानुवर्षे गोळा केली. पद कोणत्या रागात बांधले आहे, तालात कसे बसवले आहे, एकच पद दोन घरांत वेगवेगळे का गातात, हे सगळे तिने स्वरलेखनासह लिहून काढले. गेल्या आश्विनात ती वारली. पुस्तक पुण्यात छापायला गेले आहे. डिसेंबरात संपादकांचे पत्र आले. शेवटचे पद, ‘पान मांडिले, ये रघुराया’, तालात बसत नाही. ‘ये’ ही हाक टाळीवर यायला हवी, ती बोटांवर ताल मोजताना दोन बोटांच्या मधे पडते. जानेवारीअखेर दुरुस्त करून पाठवा, नाहीतर पद गाळावे लागेल.

हे पद आईचे. आईचे माहेर बंगळूरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले मराठी घर. त्यामुळे शब्द मराठी, चाल कर्नाटक संगीतातली. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहे. गाण्यातले मला फार कळत नाही, पण मोजमापात ताई माझ्याहून कडक होती. ती चुकणार नाही याची मला पक्की खात्री होती. संपादकांची समजूत चुकली असेल, तसे कोणा जाणकाराकडून लिहून आणायचे, एवढेच काम आहे असे धरून मी निघालो.

या गाडीने जाणाऱ्यांनी अंथरूण जरूर न्यावे. हुबळीनंतर थंडी वाजते. सकाळी गाडीत चहा बंद होतो आणि कॉफी सुरू होते, त्यावरून आपण कुठवर आलो ते कळते. तुमकूरला गाडी बराच वेळ उभी राहिली. पळसाच्या पानावरची इडली तिथे फार चांगली मिळाली.

बंगळूर स्टेशनाबाहेर घोड्याचे टांगे असतात, त्यांना इथे जटका म्हणतात. भाडे आधी ठरवावे. पुढे बसलात तर जटकेवाला ‘मागे सरका’ म्हणतो, मागे सरकलात तर ‘पुढे या’ म्हणतो. वजन बरोबर मध्यावर आल्याशिवाय घोडा चालत नाही. मला ते पटले.

मल्लेश्वरमला माझा मामेभाऊ रामोजीअण्णा राहतो. तो दारातच उभा होता.

“काय रे ओव्हरसियर, रस्ता मोजत आलास काय? तीन तास झाले, काफी तापवून तापवून काळी झाली!”

“गाडी तुमकूरला थांबली.”

“थांबू दे. ये, स्वल्प बैस. ताईचं ऐकून फार वाईट वाटलं बघ.” वहिनींनी आणलेली कॉफी आम्ही प्यालो.

अण्णाला पद अर्धेमुर्धे आठवत होते. “पण मला भजनातल्या झांजेपलीकडे काय कळतंय? सुब्बम्मांकडे जाऊ. त्यांच्या वडिलांकडेच आपले आजोबा शिकले. या पदाची चाल त्यांच्याच घरची.”

बुधवारी सकाळी गेलो. मल्लेश्वरमचे रस्ते रुंद आणि झाडांचे आहेत, पायी हिंडावे. सुब्बम्मा वीणा शिकवतात. वय सत्तरीच्या पुढे. ओसरीवर बसून त्या भिजवलेल्या अवऱ्याचे दाणे चिमटीत दाबून सालीतून काढत होत्या. अवरे म्हणजे आपला पावटा. जानेवारीत इथे घरोघरी हेच चालते. बेळगावची माणसे कन्नड जाणतातच, त्यामुळे बोलायची अडचण आली नाही. मी वही पुढे केली.

“तुमचं स्वरलेखन मला वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून दाखव.”

“मला गाता येत नाही.”

“अक्का, हा वर्षातून दोनदा बोलतो,” अण्णा म्हणाला. “गाणार कुठला!”

“नाही बोलला तरी चालेल. गा म्हण.”

मी मांडीवर टाळी मारली आणि टाळीबरोबर पद सुरू केले. टाळी, करंगळी, अनामिका, मधले बोट; मग टाळी आणि उलटा हात, टाळी आणि उलटा हात. आठ मात्रा. हे मोजणे आईने आम्हा दोघांना लहानपणी शिकवले होते. सुब्बम्मांनी दुसऱ्याच ओळीला ओला हात वर केला.

“थांब, थांब. हे कोणी मोजलं?”

“वहीत असंच आहे.”

“वहीनं मोजलं काय? माणूस कोण होता?”

मी वहीचे पान सारखे केले. त्यांनी हात पदराला पुसला आणि स्वतः ताल धरला. “आता मी मान हलवीपर्यंत तोंड उघडायचं नाही.” एक टाळी गेली. करंगळी गेली. करंगळी आणि अनामिका यांच्या बरोबर मधे त्यांनी मान हलवली. ‘पान मांडिले’ म्हणून होते तोच त्यांचा हात दुसऱ्या टाळीला खाली आला आणि ‘ये’ बरोबर तिच्यावर पडले.

“आहाहा! देव आता आला बघ पानावर,” अण्णा म्हणाला.

“याला अनागत म्हणतात,” सुब्बम्मा म्हणाल्या. “ताल आधी सुरू होतो. गाणारा दीड मात्रा थांबतो आणि चालू तालात शिरतो. तुमच्या वहीत ताल गाण्याच्या मागे धावतोय. सूर सगळे बरोबर आहेत. ज्यानं मोजलं त्याला धीर नव्हता.”

मोजणारा मी होतो. बाकीची सारी पदे ताईने स्वतः लिहिली. हे शेवटचे राहिले तेव्हा तिला बसवत नव्हते, म्हणून ती पडूनच बारीक आवाजात गायली, सूर सांगितले, आणि मी मांडीवर ताल धरून खुणा केल्या. तिचा आवाज निघाला की मी टाळी मारी. तिने दोनदा हात वर केला होता. दोन्ही वेळा मला वाटले, तिला पाणी हवे. मी पाणी दिले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मोजणीच्या साखळीचे टोक चुकीच्या खुंटीला अडकवले की पुढचे प्रत्येक माप बरोबर येते आणि रस्ता मात्र भलतीकडे जातो. खात्यात मी यावरून माणसांना बोललो आहे.

हे मी तिथे सांगितले. सुब्बम्मा म्हणाल्या, “सूर तर एकही सोडला नाहीस. नीट लिही आता. चार वेळा माझ्यासमोर म्हण, मग जा.” मी सहा वेळा म्हटले. तोवर अण्णाने पाटीभर दाणे सोलले.

गुरुवारी जवळच्या देवळात कचेरी होती. इथे गाण्याच्या बैठकीला कचेरी म्हणतात, त्यावरून अण्णाने माझी भरपूर चेष्टा केली. बंगळूरला येणाऱ्याने एक तरी ऐकावी. लवकर जाऊन पुढे बसावे आणि गवयाइतकेच ऐकणाऱ्यांकडे बघावे. शेकडो मांड्यांवर शेकडो हात एकदम पडतात. तिसऱ्या कृतीला, म्हणजे तिसऱ्या रचनेला, माझ्या ध्यानात आले की पहिली टाळी पडली आहे आणि गवई अजून श्वासच घेतो आहे. कोणीही घाई केली नाही. मग तो शिरला. यापूर्वी हे माझ्यासमोर कितीदा झाले असेल, मी पाहिले नव्हते.

शुक्रवारी निघालो. अण्णाने अवऱ्याच्या शेंगांची पिशवी गाडीत टाकली. “सरी, बरं तर, आता पुस्तक घेऊनच ये. आणि बोलायला शीक जरा.”

शनिवारी दुपारी घरी पोचलो. खुणा नव्याने मांडल्या, आरंभी दीड मात्रा रिकामी ठेवली आणि संपादकांना लिहिले: पद गाळू नये. आपली शंका बरोबर होती. चूक संग्राहिकेची नाही, ताल मोजणाऱ्याची आहे, आणि तसे तळटिपेत माझ्या नावानिशी छापावे. पद पुस्तकात राहील याविषयी मला शंका नाही. वर केलेल्या हाताचे काय, ते मला ठाऊक नाही. ते माझ्यापाशी राहील.

पाकीट टपालात टाकून आलो. ओट्यावर शेंगांची पिशवी होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोलायला बसलो. एकट्याला जास्त होत्या. सगळ्या सोलल्या.