कोळिणी दोन, होडी एक

अख्ख्या पनवेल तालुक्यातून एका जागी बसता न येणारा माणूस निवडायचा झाला, तर दुसऱ्या कुणाचा अर्जच घेऊ नये. तो माणूस करंजाड्यात बरोबर माझ्या डोक्यावर राहायचा. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त बँकवाले, आपल्या कोकणातलेच बेने इस्रायली ज्यू, घरात एकटे; पावलांचा आवाज मात्र चौघांचा. शनिवारी धर्माप्रमाणे संगणकाला हात लावायचा नाही, म्हणून त्या दिवशी फेऱ्या दुप्पट. "शेअर बाजारपण शनिवार पाळतो म्हणून बरं," म्हणायचे, "नाहीतर मी कामातूनच गेलो असतो."

त्यांना वेड एकच, कोरिलेशनचं. दोन म्युच्युअल फंड एकदम चढतात, एकदम पडतात, तर आकडा एकच्या जवळ. एकाचं दुसऱ्याला सोयरसुतक नसेल तर शून्याजवळ. मी चिरनेरच्या आमच्या घरातला पहिला पदवीधर. चार फंडांत पैसे टाकलेत, हे त्यांना छाती फुगवून सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच तक्ता काढला. सगळे आकडे एकला चिकटलेले. "बाळा, पाट्या चार लावल्यास, दुकान एकच आहे. बुडालं तर चारही पाट्या बुडणार." राग आला, पण आकडे बरोबर होते. दोन फंड मी मुकाट्याने बदलले.

मासळीलाही तोच कायदा. एकीकडे रावस नसला तर दुसरीकडे असावा, म्हणून काकांनी दोन कोळिणी लावलेल्या. एका सकाळी दोघींच्याही पाट्या रिकाम्या! काकांनी उलटतपासणी घेतली.

"ही माजी जाऊ हाय ना काका," एक म्हणाली. "होडी एकच. इंजिन बिघडलंय, तर दोघीपन काय आननार?"

"अरे, कोळिणी दोन, होडी एक!" काका जिन्यातूनच मला ओरडून सांगत आले.

त्यांचे दोन्ही मुलगे मात्र इस्रायलमध्ये, एकाच गावी. तिकडे हल्ल्याचा सायरन वाजला की दोघांचेही फोन एकदमच लागेनासे व्हायचे आणि माझं छत थरथरायचं. शेवटी मुलांनी तिकीट पाठवलं. ते घेऊन काका खाली आले. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"सगळ्यांनी एकाच गावात जाऊन बसायचं? जोखमीच्या हिशोबात हे बसतं का?"

"मग नका जाऊ," मी म्हणालो.

काका दारापर्यंत जाऊन परत आले. "पण तिकडे सायरन वाजतो तेव्हा इथं माझे पाय हलतात रे. लांब राहून मी वेगळा कुठे झालो?"

रविवारी ते मुलांकडे गेले. आता वर सामसूम असते. बातम्यांत त्या देशाचं नाव आलं की मी उठतो, काकांना फोन लावतो आणि लागेपर्यंत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहतो. परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो?"