गंगाक्काचा जांभळा कप

मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात मी एका मराठी दैनिकाला एक बातमी पाठवली. ती आतल्या पानावर, खालच्या बाजूला छापून आली. तिच्यात एक वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मी एका काचेच्या वस्तूसाठी लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, संपादकांना नाही. तुम्हाला सांगतो आहे.

आधी ती वस्तू काय होती ते सांगतो. रुळांच्या कडेनं तारेचे खांब असतात. खांबाच्या आडव्या पट्टीवर टोपीसारखं काहीतरी बसवलेलं असतं आणि त्याच्या खाचेत तार बांधलेली असते, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरत नाही. पुस्तकात त्याला इन्सुलेटर म्हणतात. रुळावर काम करणारी माणसं कप म्हणत. बहुतेक कप पांढऱ्या चिनी मातीचे. पण आमची बिदरहून परळीकडे जाणारी लाइन निजामाच्या राजवटीतली, आणि तिच्यावर अधूनमधून काचेचे कप होते. फिकट हिरवे, जड, अंगावर परदेशी कारखान्याची उठावाची अक्षरं. खांब बदलले की जुने कप खाली चरात पडत, गवतात रुतून बसत. मी ते शोधत असे.

कशासाठी, असं विचाराल तर नीट उत्तर नाही. मी तेव्हा भालकीत राहत होतो, बातम्या पाठवत होतो, आणि सुटीच्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून लाइन धरून कमलनगरच्या दिशेनं चालत सुटत होतो. गँगमन मला ओळखायला लागले होते. त्यांच्यातला एक जण नेहमी हाक मारायचा, "काय सायब, चहाचा पत्ता न्हाई आन् कपच गोळा करायलाव?" बाकीचे हसत. मीही हसत असे. घरी फळीवर कपांची रांग लागली होती. त्या रांगेत जांभळा नव्हता. काही जुन्या काचेत एक द्रव्य असतं. वर्षानुवर्षं ऊन लागलं की ती काच जांभळी होते. असा कप असतो हे मी ऐकून होतो, पाहिला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळा संपत आला होता, पाऊस नव्हता. सकाळची वेळ. मी चरात उतरून काठीनं माती उकरत होतो. रुळांवरून एक म्हातारी आली. खांद्यावर चार-पाच वर्षांचं पोर, तिच्या पदरात गुंडाळलेलं. थांबून तिनं विचारलं, "मालक, गाडी गेली का हो? राती ताप चढलाय लेकराला. दवाखान्याला न्यायलेय."

गाडी यायची होती. तसं मी सांगितलं. पोरानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. स्टेशन अजून बरंच लांब होतं आणि बाई दमली होती. पोर मी घेऊ शकलो असतो. पण पिशवीत त्या दिवशी दोन चांगले कप होते, ती ठेवायची कुठं? "पाय उचला, मिळेल," असं म्हणालो आणि पुन्हा चरात वाकलो.

हे लक्षात ठेवा — रात्री ताप आला आणि सकाळी ती निघाली होती. एक दिवसही तिनं घालवला नव्हता. त्या रुळांवर दुसरं कुणी नव्हतं. हे पाहिलेला माणूस मी एकटा.

महिन्याभरानं पुन्हा त्या बाजूला गेलो तर रुळांलगतच्या एका घरातून हाक आली. तीच बाई. तिला इथे गंगाक्का म्हणतो. खरं नाव वेगळं होतं, आणि गावाचं नाव मी या वेळी लिहीत नाही. तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं आणि सगळं सांगितलं. गाडी मिळाली होती. डॉक्टरांनी लगेच पाहिलं, सुई दिली. संध्याकाळी पोर गेलं. मुलगा रेवप्पा गुलबर्ग्याला गिरणीत कामाला, सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी — घरात आजी आणि नातू दोघंच. "तुमी हुतात म्हणून विचारता तरी आलं," ती म्हणाली. काय विचारता आलं? गाडी गेली का, एवढंच. पण माणूस शेवटच्या सकाळी भेटलेल्या कुणालाही धरून ठेवतो.

मग तिनं मला आत बोलावून देव दाखवला.

भिंतीतल्या कोनाड्यात, विभूतीचे पट्टे ओढलेला, वर एक कण्हेरीचं फूल ठेवलेला — जांभळा कप. पूर्ण. एक टवकाही उडालेला नव्हता. दारातून आलेलं ऊन त्याच्यातून जाऊन भिंतीवर जांभळा डाग पडला होता.

तो नातवाला चरात सापडला होता. पोरानं खेळायला आणला; आजीनं पाहिलं आणि कोनाड्यात बसवला. तिची चूक तशी समजण्यासारखी होती. ही लिंगायत मंडळी गळ्यात इष्टलिंग बांधतात; त्याच्यावरचा काळा लेप असाच गोल घुमटासारखा असतो. जड, गुळगुळीत, आतून उजेड येणारी ती वस्तू तिला महादेवाशिवाय दुसरं काय वाटणार? गावातले जंगम स्वामी तिला बोलले होते की गळ्यात लिंग असताना भिंतीतलं कशाला पाहिजे. तिनं ऐकलं नाही. आणि नातू गेल्यापासून तर ती रोज सकाळी तांब्याभर पाणी कोमट करून त्या कपाला आंघोळ घालत होती. कोमट का, असं मी विचारलं. "गार पाण्याला रडायचं त्ये," ती म्हणाली.

मी तो कप मागितला.

पहिल्यांदा गोड बोलून. दुसऱ्या खेपेला मी बिदरहून घडीव दगडाचं लिंग नेलं, पितळेच्या ताटलीसकट, म्हटलं अदलाबदल करा. तिनं त्याला हात जोडले आणि परत केलं. तिसऱ्या खेपेला मी सांगून टाकलं की हा देव नाही, तारेच्या खांबावरचा कप आहे. पिशवीतून हिरवा काढून शेजारी धरून दाखवला. तिनं दोन्हींकडे पाहिलं. तिला कळलं — मला खात्री आहे तिला कळलं. "असंल," ती म्हणाली. "पण माज्या लेकरानं आणलाय. कामून मागायलाव तुमी?"

मला राग आला. परतीच्या वाटेवर मी हिशेब केला — तिनं दिला नाही तर काय, गावानं फेकायला लावला तर तो चरात पडेल. चरातला कप उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

अंधश्रद्धेच्या बातम्यांना तेव्हा जागा मिळत असे. बातमी मी एका बैठकीत लिहिली. तारेच्या खांबावरच्या काचेच्या कपाची लिंग म्हणून पूजा — खरं. रुळांलगत राहणारी वृद्ध महिला — खरं. स्वामींनी आक्षेप घेतला — खरं. नातू तापानं दगावला — खरं. आणि शेवटचं वाक्य: "या काचेवर ओतलेले पाणी तीर्थ म्हणून पाजत राहिल्याने बालकास दवाखान्यात नेण्यास विलंब झाला, असे समजते."

असे समजते. कुणाकडून समजते? आमच्या धंद्यात हे दोन शब्द रोज वापरले जातात. त्यांच्या मागं कोण उभा आहे हे कुणी विचारत नाही. आणि बातमीतली बाकीची सगळी वाक्यं खरी असली की शेवटचं वेगळं तपासण्याची तसदी कोण घेणार? ज्याला शंका आली असती त्यानं त्या घरात डोकावलं असतं आणि कोनाड्यात कप दिसला असता. झालं. बाईचं नाव मी दिलं नाही. ते सौजन्य नव्हतं. गावाचं नाव दिलं की पुरतं, हे मला माहीत होतं.

गुलबर्ग्याच्या गिरणीत उदगीर-भालकीकडची बरीच माणसं होती. त्यांच्या चहाच्या हॉटेलात आमचं दैनिक जात असे. रेवप्पाला मराठी वाचता येत नव्हतं, बोलत होता. कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

तो आला. गावात काय झालं ते मला नंतर कळलं: पारावर, माणसांसमोर त्यानं आईला विचारलं की पोर कधी नेलंस. ती म्हणाली, सकाळीच. त्यानं विचारलं, कुणी बघितलं? ती म्हणाली, पटरीवर एक मालक होते, कप गोळा करणारे, भालकीला असतात. त्यांना जाऊन विचार.

त्यानं तसं केलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. तिशीचा असेल, गिरणीतल्या माणसासारखा खोकत होता. आत ये म्हटलं तर आला नाही. खिडकीतून त्याला फळीवरची कपांची रांग दिसत होती, म्हणजे माणूस चुकला नाही हे त्याला कळलं असणार.

"आई म्हणायलीय, तुमी बघितलाव तिला," तो म्हणाला. "पोराला सकाळीच घिऊन निघाली हुती म्हनं. तुमी व्हय म्हटलाव की मी गप जातो घरी. मला दुसरं काय न्हाई पायजे, मालक."

त्याला माझ्याकडून 'हो' हवं होतं — हे तुम्ही नीट ऐका, कारण मी ते तेव्हा नीट ऐकलं होतं. तो भांडायला आला नव्हता. आईला सोडवायला आला होता. एक शब्द लागत होता. पण तो शब्द दिला तर बातमीतलं शेवटचं वाक्य कुणी लिहिलं, हा पुढचा प्रश्न येणार होता. आणि दुसरी गोष्ट — ही जास्त खरी आहे — मायलेकरांचं मिटलं असतं तर कप कोनाड्यातच राहिला असता.

"नाही," मी म्हणालो. "त्या दिवसांत मी तिकडं आलोच नव्हतो."

त्यानं खिडकीतून कपांच्या रांगेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गेला. त्या आठवड्यात त्यानं बायकोला आणि नव्या बाळाला माहेरहून परस्पर गुलबर्ग्याला नेलं. गंगाक्कानं ते बाळ पाहिलं नाही.

मी किती दिवस थांबलो? दिवाळी होऊन गेली. मग पिशवी घेऊन लाइन धरली. चर पाहत पाहतच गेलो, तिच्या घरापाशी तर जास्तच बारकाईनं. चरात काही नव्हतं. ती दारात बसली होती. वाळली होती. मला पाहून उठली, पोतं झटकून टाकलं, पाणी आणलं. बातमी कुणी लिहिली हे तिला ठाऊक नव्हतं. "आमच्या वार्ताहराकडून" एवढंच छापलेलं होतं, आणि तेही तिला वाचता येत नव्हतं.

"रेवप्पा आलता का तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"आला होता."

"सांगितलाव का त्याला?"

इथे तरी मी थांबू शकलो असतो. गुलबर्ग्याची एस.टी. रोज होती, गिरणी ठाऊक होती. मी म्हणालो, "सांगितलं, अक्का. सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही."

तिनं मान रुळांकडे वळवली. परक्या माणसानं सांगूनही मुलाला पटलं नाही — आता मधल्या कुणाला दोष द्यायची सोय राहिली नव्हती. जे होतं ते तिच्यात आणि मुलात. हे माझ्या वाक्यानं झालं, आणि होताना मी पाहिलं.

मग ती आत गेली. कप पदरानं पुसत बाहेर आली. त्याच्यावरची विभूती पुसलेली होती.

"घ्या," ती म्हणाली. "गावात माज्या बाजूनं तुमी येकलेच बोललाव. दुसरं काय द्यावं तुमाला."

मी घेतला. नको म्हणालो नाही, एकदाही नाही. पिशवीत फडक्यात गुंडाळून ठेवला, ती पाहत असताना गाठ मारली, आणि नेहमीपेक्षा भराभर चालत भालकीला आलो. त्या संध्याकाळी फळीवरचे सगळे हिरवे कप एका बाजूला सरकवले आणि हा मधोमध ठेवला. तुम्ही विचाराल, त्याच्याकडे बघून वाईट वाटलं का? त्या संध्याकाळी नाही. मला फार आनंद झाला होता.

त्यानंतर त्या गावाकडच्या बाजूनं मी चाललो नाही. बिदरच्या अंगाला शोधत राहिलो. पुढं गिरणी आजारी पडल्याची बातमी मीच पाठवली. कामगारांची नावं विचारली नाहीत.

गंगाक्का बरीच वर्षं एकटी राहिली. ती लिंगैक्य झाल्याचं मला त्याच गँगमनकडून कळलं, तोवर तो म्हातारा झाला होता. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे तिला बसवून, तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवून मातीत ठेवलं. मुलाची वाट पाहायची म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवलं होतं. शेजाऱ्यांनी स्टेशनवर जाऊन गुलबर्ग्याला तार केली होती.

ती पोचली की नाही, याची मी तारघरात चौकशी केली. तार त्याच संध्याकाळी रेवप्पाच्या हातात पडली होती. गुलबर्ग्याहून कुणी आलं नाही.