उकिरड्याशेजारची माती

त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि आज कुणी सांगितलं तरी ऐकणार नाही. माती तपासून घेण्याचं वारं नवं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरातल्या माझ्या खताच्या दुकानात येऊन त्यानं तपासणीचा कागद माझ्या तोंडापुढं नाचवला. "जमिनीत नत्र भरपूर हाय म्हणून सरकार सांगतंय. मग ऊस पिवळा का? तुमचंच खत खोटं!"

हमाली करत करत मी स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलो होतो. माझं डोकं फिरलं. "माती कुठनं नेलती?"

"उकिरड्याशेजारची. काळीभोर. चाळून, खडे वेचून नेली."

"आणि उसातली?"

त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "पोरगी दाखवताना तोंड धुऊनच बाहेर आणत्यात की, पावणं!"

स्वतःच्याच रानाला लाजणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. उसाच्या रानात नत्र कमी आहे, युरिया घाल, अजून वेळ आहे, असं मी ओरडून सांगितलं. त्यानं कागदाची घडी घालून टोपीत ठेवली. पायरीवर दुसरं गिऱ्हाईक भेटलं, त्याला म्हणाला, "हितनं काय घेऊ नगा. सरकार नको म्हणतंय तरी ह्यो खत गळ्यात मारतोय."

ते गिऱ्हाईक पायरीवरूनच मागं फिरलं.