आठची मालिका
काल कपाट आवरताना पाच बटणांचा जुना रिमोट सापडला. लोक कोणता चॅनल बघतात हे मोजणारं यंत्र आमच्या कराडच्या घरी लावलं होतं, तेव्हाचा. घरातल्या प्रत्येकाला एक बटण; टीव्हीपुढं बसलं की आपापलं दाबायचं. एकदा टीव्हीवर कुस्तीत ऐन डाव लागताना बायकोनं आठची मालिका लावली आणि मी पेटलो. ती पोरांना घेऊन विट्याला माहेरी जाताच रोज आठला तिच्या मालिकेचा वैरी चॅनल लावून, पाचही बटणं दाबून, मी एकटा बसलो. तिथली रटाळ मालिका सूडापोटी पंधरा दिवस सोसली! पुढं तिची मालिका खरंच साडेसहाला ढकलली. जणू मीच ढकलली अशा ऐटीत मी विचारलं, “आता गं?” “आवं, आता काय! साडेसहाला मी टीव्हीपुढं, भाकरी तुमी थापा.” ती मालिका कधीच संपली, भाकरी माझ्याकडंच राहिली. आजही ती टीव्हीपुढं बसली की मी जरा जोरातच थापतो.