ठेच्यातली वाळू

जमिनीखालचा दगड किती भार सोसेल आणि कधी मोडेल, हे शोधणं ही माझी नोकरी. गुजरातेत तेलविहिरींवर मी हेच करतो. तेल वाळूच्या दगडात असतं, दाण्यादाण्यांमधल्या फटींत. वरच्या जमिनीचं ओझं दगड आणि तेल दोघं मिळून पेलतात. तेल उपसलं की सगळा भार दगडावर येतो, दाणे सुटतात आणि तेलाबरोबर वाळू वर येऊ लागते. पारनेरला घरी मी हे दहादा समजावलं असेल. वडील दर वेळी "व्हय, व्हय" म्हणत आणि पाहुण्यांना सांगत, पोरगा बोअरवर हाय.

त्या खेपेला पुण्याच्या प्रयोगशाळेत एक नमुना पोचवायचा होता. विहिरीतून कापून काढलेला, वीतभर लांबीचा गोल दगड. आतलं तेल उडू नये म्हणून वर चांदीचा कागद आणि त्यावर मेणाचा थर. कुरिअरवर माझा विश्वास नव्हता. पिशवी मांडीवर घेऊनच आलो. शेजारच्या प्रवाशाने आत काय आहे म्हणून सहज विचारलं, तर त्याच्यावर खेकसलो. एक दिवस घरी थांबून पुढे जायचं होतं. पिशवी ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तर आई पाट्यावर ठेचा वाटत होती, माझ्या नमुन्याने.

मेण तिने सुरीने खरवडून डबीत भरलं होतं, दगड साबणाने घासला होता. आणि चेहरा नुसता फुललेला.

"लई झ्याक वरवंटा आनलास," ती म्हणाली. "जुना फुटल्यापासून तुज्या वडलांना सांगून सांगून थकले. तुला बरं ध्यानात ऱ्हायलं."

मला काहीही ध्यानात नव्हतं. जुना फुटला हेच मुळी माहीत नव्हतं. ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं आणि फोन घेऊन अंगणात गेलो.

ऑफिसातल्या आमच्या मॅडमनी विचारलं, "नमुना कसा आहे?"

"मिरचीचा वास येतोय," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "वाळू सुटतेय का त्यातून?"

"अजून जेवलो नाही."

"जेवून कळवा." त्याच विहिरीचा दुसरा तुकडा शिल्लक होता, तो त्या पाठवणार होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

जेवायला बसलो. पहिल्याच घासाला वडिलांच्या दाताखाली कचकन वाजलं, वर रॉकेलसारखा वासही आला. "तेल कंचं घातलं गं?" त्यांनी आईला विचारलं.

मला राहवेना. भाकरी हातातच ठेवून मी सगळं शास्त्र पुन्हा सांगितलं. वडिलांनी प्रथमच नीट ऐकलं.

"म्हंजी तुज्या बोअरमधी बी आसंच येतं?"

"असंच."

"मग पगार कशाचा देत्यात?"

आई हसली नाही. चिमटीत ठेचा चोळून बघत होती. "तुला दुकानदारानं फसवलं," ती म्हणाली. "कच्चा दगड दिला. परत दे त्याला जाऊन."

हो म्हणून गप्प बसायला माझं काय जात होतं? पण माझ्या दगडाला कोणी कच्चा म्हटलेलं मला सोसत नाही. "फसवलं कोणी नाही," मी तडकून म्हणालो. "तो वरवंटाच नाही. नोकरीतला नमुना आहे, पुण्याला न्यायचा होता."

आईने दगड उचलला, धुतला, पदराने कोरडा केला आणि माझ्यापुढे आणून ठेवला.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मग मला काय आनलंस?"

मला माझीच लाज वाटली. दगडाला जागा व्हावी म्हणून पिशवीत मी दुसरं काही घेतलंच नव्हतं.