मिक्सरच्या आवाजात दिलेली मुलाखत

माझं माहेर मागवाल्यांचं आणि सासरही मागवाल्यांचं. पुढच्या खोल्यांत यंत्रमाग, मागच्या खोल्यांत माणसं. त्यामुळे आमच्यात सगळेच ओरडून बोलतात, आणि आपण ओरडतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटतं. लग्नाच्या पंगतीत आमची माणसं कुठं बसलीत, हे मान वळवून बघावं लागत नाही.

असल्या घरातून मी सायन्स कॉलेजात गेले. आळीतली पहिलीच मुलगी. काय तो तोरा! प्रॅक्टिकलचा पांढरा कोट घरी येताना अंगातच ठेवायची, आळीनं बघावं म्हणून. मार्च-एप्रिलात, सोलापूरच्या उन्हात! फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला चौघांचा गट असे, तीन मुलगे आणि मी. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि अख्खी लॅब वळून बघायला लागली. सर म्हणाले, "बाई, इथं माग नाहीत." तेव्हापासून मी जी कुजबुजायला लागले, ती पदवी हातात पडेपर्यंत.

मग गटातला एकजण म्हणाला, "तुमचं अक्षर सुरेख आहे. रीडिंग तुम्हीच लिहा." मला वाटलं, काय हा मान! तीन वर्षं मुलगे स्क्रू फिरवत होते, भिंगाला डोळा लावून आकडे सांगत होते, आणि या विदुषी लाल शाईनं समास आखत होत्या. एकदा धीर करून विचारलं, आत काय दिसतं? "रेघा दिसतात," म्हणाले. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'रेघा दिसतात.' पहिल्या वर्गात पास झाले. 'मुलगी सायन्सची आहे' या एका वाक्यावर लग्न ठरलं, आणि सासरी पुन्हा मनसोक्त ओरडायला मोकळी झाले.

ही जुनी गोष्ट आठवली ती नातीमुळं. मुलाची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्यात घरी तेलुगू, म्हणून ती मला अव्वा म्हणते. अक्षर तेवढं माझ्यावर गेलंय. तिच्या बापाचं म्हणणं असं की धागा तुटायच्या आधी माग वेगळा वाजतो. हे खरं की नुसती बढाई, ते तिला तपासायचं होतं. मोबाइलवर मागांचे आवाज भरून ठेवले होते, पण ते वेगळे करून बघायची यंत्रं तिच्या कॉलेजात नव्हती. पुण्याच्या एका संस्थेत होती. ज्या घरांत संशोधन हा शब्द कधी कुणाच्या तोंडी आला नाही, तिथल्या मुलामुलींना ही संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या लॅबमध्ये काम करू देते. कॉलेजातल्या मॅडमनी हिचं नाव पाठवलं आणि मुलाखत ठरली. बापानं आधीच बजावलं होतं, "नाही झालं तर हे आवाजाचं खूळ सोडायचं आणि नोकरीचं बघायचं."

मुलाखत कॉम्प्युटरवर होती. आमच्या घरात ती कशी द्यायची? म्हणून आम्ही दोघी जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, माझ्या मुलीच्या फ्लॅटवर गेलो. तिथं घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मला त्या घरात झोप लागत नाही. पोरीला हॉलमध्ये बसवलं आणि मला स्वयंपाकघरात, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

पडद्यावर तीन परीक्षक आले. पोरीनं 'नमस्कार' म्हटलं, आणि त्यातल्या एकानं दचकून कानावरचा हेडफोन काढला. "थोडं हळू बोललात तरी चालेल," म्हणाला. बोलला बिचारा सभ्यपणानंच. पण पोर मिटली. पुढचं उत्तर कुजबुजत. "आवाज येत नाहीये," ते म्हणाले. त्यानंतर नुसतं येस सर, नो सर. मी दारातून बघत होते. मला तिची पाठच दिसत होती. ती पाठ मी ओळखली. तिच्यावर पांढरा कोट तेवढा नव्हता.

ओट्यावर चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे होते. ते मी मिक्सरमध्ये ओतले आणि बटण दाबलं.

माझी मुलगी धावत आली. "अम्मा! डोकं फिरलं का तुझं? बंद कर ते!"

"का? चटणी नको तुला?" मी बटण सोडलं नाही.

हॉलमध्ये पोरीचा आवाज चढला. यात शौर्य काही नाही. खडखडाट वाढला की आमचा गळा आपोआप वर जातो.

"मागे कसला आवाज येतोय?" एका परीक्षकानं विचारलं.

"कुठला आवाज, सर?" तिनं खरोखरच विचारलं. मग वळून माझ्याकडं बघितलं. "हां, तो होय! आमची अव्वा हाय, सर. पण बघा की, मिक्सर चालू असून माझं बोलणं तुम्हाला कळतंय ना? तसंच मला मागांच्या गोंगाटातून तो एक बदललेला आवाज बाजूला काढायचाय." आणि सुटली. आडवा धागा नेणारा धोटा कसा वाजतो, धाग्याचा ताण कमी झाला की काय होतं, सगळं हातवारे करून.

परीक्षक बाईंनी विचारलं, "आणि वडिलांचं म्हणणं खोटं निघालं तर?"

"तर तसं लिहीन, मॅडम. फक्त त्यांना सांगायला तुम्ही या."

तिघंही हसली. तोवर शेंगदाण्यांना तेल सुटून गोळा झाला होता. मुलगी अजून टोमणे मारते.

निवड झाली. ती मिक्सरमुळं झाली असं माझं म्हणणं नाही. आळीत मात्र मी तसंच सांगते.

पुण्याहून पहिल्या आठवड्यातच फोन आला. "अव्वा, इथं पण चौघांचा गट हाय. एकजण म्हणाला, तुझं अक्षर छान आहे, रीडिंग तू लिही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"मी म्हटलं, आज तू लिही, मशीन मी लावते. तर अख्खी लॅब वळून बघायला लागली."

"ती का?"

"हळू बोलायचं विसरले की."